परतीची वाट राखून : जुन्या टॅबवर नवी कार्यप्रणाली

टॅबलेट निकामी होण्याची कारणे विचारली, तर फुटलेली काच, दम सोडलेली बॅटरी आणि सैल झालेले चार्जिंगचे सॉकेट ही तीन कारणे सर्वप्रथम सांगितली जातात. परंतु कपाटात पडून राहिलेल्या अनेक टॅबमध्ये यांपैकी एकही दोष नसतो. पडदा स्वच्छ दिसतो, बॅटरी तीन-चार तास चालते, आवाजही ठीक येतो, आणि तरीही हवे ते ॲप उतरवू लागताच ते या उपकरणाशी सुसंगत नसल्याची सूचना येते. यंत्र शाबूत असताना त्याचा उपयोग संपण्याचे हे कारण कार्यप्रणालीत, म्हणजेच पडदा, स्मृती, वाय-फाय, कॅमेरा आदी भागांना कामाला लावून त्यांवर ॲप चालवू देणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये असते.

नागपूरच्या पश्चिमेस अमरावती मार्गावर वसलेल्या वाडीत हा प्रश्न विशेष जवळचा आहे. एकीकडे अंबाझरीची आयुध निर्माणी, दुसरीकडे मालवाहतूकदारांची कार्यालये व गोदामे आणि मधे दत्तवाडीसारख्या दाट वसाहती, अशा या गावात टॅब हे चैनीचे नव्हे, कामाचे आणि अभ्यासाचे साधन आहे. ज्या नागपूर शहराला वाडी लागून आहे, तेथेच महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे, म्हणजे २०१९मध्ये स्थापन झालेल्या ‘महाज्योती’चे मुख्यालय आहे, आणि इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीच्या ऑनलाइन तयारीसाठी ही संस्था टॅब व रोज सहा जीबी इंटरनेट डेटा देत आली आहे. परीक्षा दोन वर्षांत आटोपते, टॅब मात्र घरात राहतो आणि धाकट्या भावंडाकडे जातो. त्या दुसऱ्या हाताला तो किती काळ उपयोगी पडेल, हे त्यावर नवी कार्यप्रणाली चढते की नाही आणि ती चढवताना काय गमावले जाते, यावर ठरते.

टॅब जुना का पडतो, हे समजल्याखेरीज तो सुरक्षितपणे नवा करता येत नाही. गूगल अँड्रॉइडची नवी आवृत्ती प्रसिद्ध करते तेव्हा ती थेट टॅबवर येत नाही. प्रोसेसरची चिप बनवणारी कंपनी त्या चिपसाठी चालके, म्हणजे विशिष्ट भागाशी बोलणारे छोटे प्रोग्राम, नव्याने तयार करते, त्यानंतर टॅबची उत्पादक कंपनी त्यांत आपले बदल बसवते, आणि मग सर्व काही तपासून ते ग्राहकापर्यंत पोहोचते. या साखळीतली चिप-कंपनीची कडी सर्वांत आधी तुटते, कारण तीन वर्षांपूर्वी विकलेल्या स्वस्त चिपसाठी पुन्हा मेहनत घेण्यात तिला व्यावसायिक लाभ नसतो. २०१७मध्ये अँड्रॉइड ८बरोबर गूगलने प्रोजेक्ट ट्रेबल आणले आणि चिपशी संबंधित भाग उर्वरित प्रणालीपासून वेगळा केला, त्यामुळे पुढच्या उपकरणांवर नवी आवृत्ती चढवणे तुलनेने सोपे झाले. त्याआधीच्या टॅबांना मात्र हा लाभ मिळाला नाही.

साखळी तुटली तरी टॅब लगेच बंद पडत नाही, एकेक दार मिटत जाते. पार्श्वभूमीवर चालणाऱ्या आणि असंख्य ॲपना आधार देणाऱ्या ‘गूगल प्ले सर्व्हिसेस’चा पाठिंबा अँड्रॉइड ४.०साठी २०१८च्या अखेरीस, ४.१ ते ४.३साठी २०२१मध्ये आणि ४.४साठी २०२३मध्ये थांबवण्याची घोषणा झाली. संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रांचेही तसेच आहे. जगभरातील असंख्य संकेतस्थळे ज्या लेट्स एन्क्रिप्ट संस्थेची प्रमाणपत्रे वापरतात, तिचे नवे मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१च्या आधीच्या उपकरणांत मुळातच नाही. २०२४पर्यंत एका पर्यायी व्यवस्थेने निभावले, त्यानंतर त्या संकेतस्थळांवर जुन्या टॅबचा ब्राउझर धोक्याची सूचना दाखवू लागला. टॅबच्या मालकाला वाटते की वाय-फाय बिघडले आहे. वास्तविक टॅबजवळची विश्वासाची यादी जुनी झालेली असते.

मराठी वाचकासाठी आवृत्तीचा प्रश्न सुरक्षेइतकाच लिपीचाही राहिला आहे. अँड्रॉइड २.२मध्ये देवनागरी जोडाक्षरे आणि वेलांट्या यथास्थित मांडण्याची सोय नव्हती, आणि संपूर्ण मेनू मराठीत वाचण्याची सोय तर २०१४च्या अँड्रॉइड ५.०पासून आली. तेव्हा नव्या आवृत्तीची ओढ हे नवेपणाचे वेड म्हणून सोडून देता येत नाही. २०२१मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले, तेव्हा त्यांच्या तक्रारींत ही दोन्ही अंगे होती: अपुऱ्या स्मृतीचे आणि वारंवार बंद पडणारे यंत्र, व त्यावर सक्तीने वापरावे लागणारे इंग्रजी ॲप. यंत्र दोन वर्षांचे, ॲप त्या वर्षाचे, आणि दोहोंमधली तफावत भरून काढण्याची जबाबदारी मात्र ज्यांच्या हाती यांपैकी काहीच नव्हते अशा मानधनावरील स्त्रियांवर पडली. या अन्यायाचा तांत्रिक भाग जुन्या टॅबच्या प्रश्नाहून वेगळा नाही.

स्वस्त यंत्रावर दुसरी कार्यप्रणाली चालवण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला, आणि तो आज विस्मरणात गेला आहे, ही खेदाची गोष्ट आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत ‘आकाश’ हा विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त टॅब सादर केला. डेटाविंड कंपनीच्या या टॅबमध्ये ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि अँड्रॉइड २.२ होते, पडदा दाबाने चालणारा होता, आणि संथपणाबद्दल व बॅटरीबद्दल तक्रारी इतक्या आल्या की प्रकल्पाची सूत्रे आयआयटी राजस्थानकडून आयआयटी मुंबईकडे गेली. तेथे प्राध्यापक दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली ‘आकाश-२’वर काम झाले आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी, राष्ट्रीय शिक्षण दिनी, राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. एक गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, चार जीबी साठवण, हलक्या स्पर्शाला प्रतिसाद देणारा सात इंची पडदा आणि अँड्रॉइड ४.० अशी त्याची घडण होती. शासनाला तो २,२६३ रुपयांना पडत असे आणि विद्यार्थ्याला अनुदानित दरात १,१३० रुपयांना देण्याचे ठरले होते.

आयआयटी मुंबईतील चमूने या टॅबवर पायथन, सायलॅब आणि सी भाषेत प्रोग्राम लिहिण्याची सोय तर केलीच, शिवाय त्यावर जीएनयू/लिनक्स ही संपूर्ण वेगळी कार्यप्रणाली चालवून दाखवली. आणि ती ज्या रीतीने चालवली, ती जुना टॅब हाती घेणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्याजोगी आहे. आकाश-२मध्ये ऑलविनर कंपनीची ए-१३ ही चिप होती. कोणतीही चिप सुरू होते तेव्हा तिच्यात कारखान्यातच कायमचा कोरलेला एक अत्यंत छोटा प्रोग्राम प्रथम धावतो आणि पुढचे सॉफ्टवेअर कोठून उचलायचे ते शोधतो. ए-१३ चिपमधला हा प्रोग्राम सर्वांआधी मायक्रो एसडी कार्ड पाहतो आणि तेथे चालू करण्याजोगी प्रणाली नसेल तरच टॅबच्या अंतर्गत साठवणीकडे वळतो. त्यामुळे लिनक्स कार्डावर उतरवायची, कार्ड खाचेत सरकवायचे आणि टॅब सुरू करायचा, एवढेच पुरे होते. कार्ड काढून पुन्हा सुरू केले की मूळ अँड्रॉइड जसेच्या तसे हजर. आतल्या साठवणीतील एक अक्षरही बदललेले नसे, म्हणून प्रयोग फसला तरी नुकसान कार्डापुरते मर्यादित राही. जुन्या टॅबच्या सुरक्षित नूतनीकरणाचा सगळा विचार या एका रचनेत सामावलेला आहे: मूळ प्रणालीला हात न लावता नवीची परीक्षा घेता आली पाहिजे, आणि ते शक्य नसेल तेथे परत फिरण्याची वाट कोणत्या पायरीवर बंद होते, हे ती पायरी चढण्यापूर्वी ठाऊक असले पाहिजे.

पुढे हेच तत्त्व मोठ्या कंपन्यांच्या रचनेत आले. २०१६च्या अँड्रॉइड ७पासून अनेक उपकरणांत प्रणालीच्या दोन जागा राखल्या जातात. टॅब चालू असताना नवी आवृत्ती रिकाम्या जागेत लिहिली जाते आणि ती सुरू होऊ शकली नाही तर यंत्र आपोआप जुन्या जागेवरून उठते. अँड्रॉइड १०पासून काही उपकरणांवर चाचणीची प्रणाली तात्पुरती वेगळ्या जागेत उतरवून पाहता येते आणि टॅब पुन्हा सुरू करताच मूळ प्रणाली परत येते. परंतु वाडीतील एखाद्या घरात पडून असलेला आठ-दहा वर्षांचा टॅब बहुधा या सोयींच्या आधीचा असतो, आणि तेथे काळजी यंत्र घेत नाही, माणसाला घ्यावी लागते.

सर्वांत पहिला निर्णय हा की नवी आवृत्ती चढवावी की नाही. ती अधिकृत असली तरी हितकारक असेलच असे नाही, हे दोन प्रसिद्ध उदाहरणांनी दाखवून दिले आहे. २०१२चा नेक्सस ७ अँड्रॉइड ४.१ घेऊन आला आणि सुरेख चालला. त्यावर गूगलनेच दिलेली ५.० आवृत्ती चढल्यावर जगभरातील वापरकर्त्यांनी तो असह्य संथ झाल्याची तक्रार केली. ॲपलच्या २०११च्या आयपॅड २लाही आयओएस ९पर्यंतच्या आवृत्त्या मिळत गेल्या आणि शेवटच्या टप्प्यावर तो रांगू लागला. तेथे अडचण अधिक बिकट, कारण आयपॅडवर उतरवल्या जाणाऱ्या प्रत्येक आवृत्तीला ॲपलच्या सर्व्हरची डिजिटल स्वाक्षरी लागते आणि ॲपल जुन्या आवृत्त्यांना ती देणे थांबवते, म्हणून एकदा पुढे गेलेला आयपॅड मागे आणता येत नाही. कमी रॅम असलेल्या टॅबवर, विशेषतः एक जीबी किंवा त्याहून कमी असेल तर, नव्या आवृत्तीचा लोभ टाळणेच बहुधा शहाणपणाचे ठरते. विंडोजवर चालणाऱ्या जुन्या टॅबबाबत तर निर्णय कंपनीनेच करून ठेवला आहे: १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित पाठिंबा संपला आणि विंडोज ११ला चार जीबी रॅम, ६४ जीबी साठवण व टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते; या तिन्ही गोष्टी ॲटम प्रोसेसरच्या स्वस्त टॅबमध्ये एकत्र सापडणे कठीण.

टॅब संस्थेने दिलेला असेल तर आणखी एक प्रश्न आधी सोडवावा लागतो, तो मालकीचा. योजना चालू असताना अशा टॅबची प्रणाली बदलणे योग्य नाही. त्यात संस्थेचे नियंत्रण-सॉफ्टवेअर असू शकते आणि ते उडवल्यास शिकवणीचे ॲपच बंद पडू शकते. योजना संपल्यावर संस्थेकडे लेखी विचारणा करून मगच पुढे जावे.

चढवायचे ठरल्यावर प्रथम सेटिंग्जमधील ‘सिस्टम अपडेट’ पाहावे, कारण कित्येकदा कंपनीची अधिकृत आवृत्ती तेथे वर्षानुवर्षे कोणी न उतरवलेली पडून असते. उदाहरणार्थ, सॅमसंगचा २०२१मधील टॅब ए७ लाइट अँड्रॉइड ११वर आला आणि अधिकृतपणे १४पर्यंत गेला. हा मार्ग उपलब्ध असेल तर दुसरा शोधू नये. त्यात माहिती सहसा शाबूत राहते आणि बँकेचे ॲपही रुसत नाही.

तरीही माहितीची प्रत आधी काढावीच, आणि येथे एका सापळ्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. फोटो मेमरी कार्डात आहेत म्हणून अनेकजण निर्धास्त असतात. परंतु अँड्रॉइड ६पासून कार्डाला ‘अंतर्गत साठवण’ बनवण्याची सोय आहे, आणि तसे केलेले कार्ड कूटबद्ध होते व त्याची किल्ली त्या टॅबच्या आतच राहते. टॅब पुसला गेला की किल्ली गेली, आणि कार्ड हातात असूनही त्यातले फोटो कायमचे गेले. म्हणून कार्ड काढून संगणकात घालावे, चार-दोन फोटो प्रत्यक्ष उघडून पाहावेत, आणि मगच त्या प्रतीवर विसंबावे. दुसरे, टॅबवर नोंदलेल्या गूगल खात्याचा पासवर्ड चालतो का, हे दुसऱ्या यंत्रावर तपासावे. अँड्रॉइड ५.१पासून, पुसलेला टॅब पूर्वीचे खाते मागतो. चोरीला आळा घालणारी ही उत्तम सोय, पासवर्ड विसरलेल्या खऱ्या मालकालाच दाराबाहेर उभे करते. शिकवणीच्या काळात कोणा नातेवाइकाने घाईत काढून दिलेले खाते टॅबवर असेल, तर ते आधी सेटिंग्जमधून रीतसर काढून टाकावे.

अधिकृत मार्ग बंद असेल तेव्हाच स्वयंसेवकांनी घडवलेल्या प्रणालीकडे वळावे. यांत लिनिएजओएस ही सर्वांत परिचित. २०१६च्या डिसेंबरात सायनोजेनमॉड प्रकल्प बंद पडला तेव्हा त्याच्याच पायावर ती उभी राहिली. ती बसवण्यासाठी बूटलोडर, म्हणजे सुरू होताना प्रणाली खरी आहे की नाही ते तपासणारा द्वारपाल-प्रोग्राम, खुला करावा लागतो, आणि परतीचा पहिला दरवाजा येथे मिटतो: बूटलोडर खुला होताच टॅबमधील सर्व माहिती पुसली जाते. सॅमसंगच्या अनेक उपकरणांत दुसरा दरवाजाही आहे. त्यांत नॉक्स नावाची एक खूण असते, जी परकी प्रणाली चढवताच शून्याची एक होते. हा बदल विद्युत फ्यूज जळाल्याप्रमाणे कायमचा असतो, आणि नंतर कंपनीची मूळ प्रणाली परत बसवली तरी तो पुसला जात नाही. याशिवाय, खुल्या बूटलोडरचा टॅब पाहून काही बँकांची ॲप चालण्यास नकार देतात आणि चित्रपटांची ॲप उच्च दर्जाचे चित्र दाखवत नाहीत. ज्या घरात टॅबचा उपयोग केवळ पीडीएफ, व्हिडिओ आणि वाचनासाठी आहे, तेथे ही किंमत परवडते. जेथे त्यावरून पैशांचे व्यवहार होतात, तेथे परवडत नाही.

प्रत्यक्ष कामात बहुतेक टॅब मरतात ते चुकीच्या फाइलमुळे. एकाच नावाने विकल्या गेलेल्या टॅबचे वाय-फायचे आणि सिमकार्डाचे असे वेगवेगळे प्रकार असतात, त्यांचे मॉडेल क्रमांक एखाद्याच अक्षराने भिन्न असतात, आणि एकाची प्रणाली दुसऱ्यावर चढवली तर टॅब सुरूच न होण्याची पाळी येते. म्हणून खोक्यावरील नावावर न जाता सेटिंग्जमधील ‘टॅबलेटविषयी’ या पानावरील पूर्ण क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा, त्याच क्रमांकाची कंपनीची मूळ प्रणाली, जिला दुकानांत ‘स्टॉक रॉम’ म्हणतात, आधी मिळवून संगणकात जपून ठेवावी, आणि ती हाती नसेल तर काम सुरूच करू नये. उतरवलेल्या प्रत्येक फाइलची ‘शा-२५६’ खूण, म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेला आणि एक बिट बदलला तरी पार बदलून जाणारा ६४ अक्षरांचा क्रमांक, प्रकल्पाने जाहीर केलेल्या खुणेशी ताडून पाहावी. हे काम दोन मिनिटांचे आहे आणि अर्धवट उतरलेली किंवा कोणी फेरफार केलेली फाइल तेवढ्यातच उघडी पडते. सिमचा टॅब असेल तर त्याचा आयएमईआय, म्हणजे नेटवर्कवरील ओळख-क्रमांक, जेथे साठवलेला असतो, त्या विभागाची प्रतही शक्य तेथे काढून ठेवावी. तो विभाग बिघडला तर टॅबला नेटवर्क मिळत नाही.

ऋतूचा विचार विदर्भात टाळता येत नाही. लिथियम बॅटरी ४५ अंश सेल्सियसच्या वर चार्ज करू नये असा सर्वसाधारण दंडक आहे, आणि नागपूर परिसरात मे महिन्यात हवेचेच तापमान त्या आकड्यापलीकडे जाते. पत्र्याच्या छपराखालील खोलीत तर विचारायलाच नको. प्रणाली चढताना प्रोसेसर सतत राबतो, टॅब एरवीपेक्षा अधिक तापतो, आणि तापलेला टॅब स्वतःला वाचवण्यासाठी मधेच बंद पडू शकतो. म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे करावे, टॅब चार्ज करून, थंड होऊ देऊन मग हाती घ्यावा. बॅटरी फुगून पाठ किंचित वर आली असेल तर प्रणालीचा विचार सोडून आधी बॅटरी बदलावी. केबलने संगणकातून प्रणाली चढवायची असेल तर संगणकालाही बॅटरी किंवा यूपीएस हवा. लिखाण अर्ध्यावर असताना वीज गेली तर टॅबची बॅटरी भरलेली असूनही तो सुरू न होण्याची पाळी येऊ शकते.

एवढे करूनही टॅब उठला नाही, तर घाबरून वारंवार निरनिराळ्या फाइली चढवू नयेत. पडद्यावर कंपनीचे चिन्ह येऊन थांबत असेल, तर बूटलोडर जिवंत आहे आणि जपून ठेवलेली मूळ प्रणाली परत बसवता येते. पडदा संपूर्ण काळा असेल, तरी अनेक चिपमध्ये कारखान्याने ठेवलेली आपत्कालीन अवस्था असते आणि जाणकार दुरुस्तीकार तेथून यंत्र परत आणू शकतो. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ असे सांगणारा दुकानदार हेच काम करतो. मात्र त्याच्याकडे टॅब देण्यापूर्वी माहितीची प्रत काढलेली असावी आणि मॉडेल क्रमांकाचा कागद सोबत असावा, कारण दुकानदाराच्या संगणकातील फाइल अमक्याच मॉडेलची आहे याची खात्री त्या कागदाखेरीज होत नाही.

हा सगळा खटाटोप एकट्या ग्राहकाच्या माथी का यावा, हा प्रश्न आता इतरत्र कायद्याने विचारला जात आहे. युरोपीय संघात २० जून २०२५पासून लागू झालेल्या नियमांनुसार टॅबच्या एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे कार्यप्रणालीची अद्ययावतीकरणे उपलब्ध ठेवणे उत्पादकांवर बंधनकारक आहे; सॅमसंगने आपल्या महागड्या मालिकांना सात वर्षांचे वचन दिले आहे. भारतात २०२२चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३पासून अमलात आले, त्यांचा भर मात्र यंत्र कचरा झाल्यानंतरच्या व्यवस्थेवर आहे. ज्या राज्यात शासन आणि शासकीय संस्था स्वतःच टॅबचे मोठे ग्राहक आहेत, तेथे कायद्याची वाट पाहण्याचीही गरज नाही, कारण खरेदीची निविदा हे त्यांच्या हाती असलेले साधन आहे. त्या निविदेत रॅम आणि पडद्याच्या इंचांबरोबर तीन अटी लिहिता येतात: सुरक्षा-अद्ययावतीकरणे किती वर्षे मिळतील, मूळ प्रणालीची फाइल विद्यार्थ्याला कोठे उपलब्ध होईल, आणि योजनेची मुदत संपल्यावर बूटलोडर खुला करण्याची रीत व परवानगी कंपनी लेखी देईल का.